केसांच्या तीन तारा

निझवा (ओमान),
१० जानेवारी २०२५

ती. मैनाताईस,
धाकट्या धनंजयचा सा. न. वि. वि.

सारखी ये-जा करणारे आपले हुसैनमियाँ मंगळवारी रत्नागिरीला निघालेत. त्यांच्या हाती हे पत्र, खजूर आणि तुझ्या गुडघ्यांचं मलम देतो आहे. तुझे कान गेल्यापासून फोन केला तरी तुझ्या सुनेशी, पूर्वाशीच बोलून ठेवावा लागतो, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. तेव्हा कागदच बरा. शिवाय आजची गोष्ट पूर्वाच्या मोबाइलवर लिहिण्यातली नाही. ती पोर घाबरून जाईल.

आधी गंमत सांगतो. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या घरी मुलं सांभाळायला लिगाया नावाची फिलिपिनो बाई आहे, चाळिशीची असेल. मागच्या महिन्यात मोडकी खुर्ची घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मी पाय बसवत होतो, तर ही बाई फळकुटांच्या ढिगातून एकेक तुकडा उचलायची, दुसऱ्यावर आपटून बघायची आणि टाकून द्यायची. बाजारात नारळ वाजवून घेतात ना, अगदी तशी. म्हटलं, हिचं डोकं फिरलं बहुतेक. शेवटी दोन तुकडे पसंत पडले. ते दोन हातांत धरून, कधी मध्यावर, कधी टोकाला ठोकत ती वर्कशॉपभर चालली. ताई, दोन लाकडांतून किती सूर निघावेत! आपले अण्णा पखवाजासाठी फणसाचं खोड आणायचे आणि कोरायच्या आधी कान लावून ठोकत बसायचे, ते आठवलं. किती वर्षांनी आठवलं.

ती मिंडोरो नावाच्या बेटावरची, डोंगरातल्या मांगयान लोकांपैकी. थोडं हिंदी, थोडं अरबी आणि बाकी हातवारे, असं आमचं बोलणं चालतं. त्या दोन काठ्यांना ते कलुतांग म्हणतात. रानातल्या वाटेने बायका एकीमागे एक चालतात तेव्हा वाजवत जातात, म्हणजे झाडीत पुढची दिसली नाही तरी ऐकू येते आणि कोणी मागे राहत नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात तिने एक पेटी आणून दिली. आत छोटा गज आणि हातभर लांबीचं, व्हायोलिनच्या पिल्लासारखं वाद्य, गितगित. मान निखळलेली, पोटाला चीर. खुंट्या तीन, पण तार एकही नाही, नुसते काळ्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले. गाडीत मुलं ओरडत होती, म्हणून लाकूड जोडून ठेव एवढंच सांगून ती पळाली. संध्याकाळी मी पेटी झाडायला घेतली तर तळाच्या कापडाखाली लाल फडकं. त्यात बाईचे केस, माझ्या हाताएवढे लांब, गाठ मारून ठेवलेले. आणि बांबूची एक पट्टी, तिच्यावर सुरीने ओरखडलेली अक्षरं. अरबी नाहीत, इंग्रजी नाहीत, कसलीच नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पटाशी निसटून अंगठ्याला चार टाके पडले. मग ताप. मग भिंतीला नीट टेकवलेली दाराची फळी आपोआप पडली, थोडक्यात वाचलो. मी असलं काही मानत नाही हे तुला माहीत आहे. पण पेटीवर गोणपाट टाकून ठेवलं आहे. काय करू ते लिही.

तुझा,
धनंजय


राजापूर,
२७ जानेवारी २०२५

चि. धनंजय यास,
मैनाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मेल्या, मानत नाहीस म्हणतोस आणि चार पानं लिहितोस! खजूर मिळाले, मलम मिळालं, गुडघे होते तसेच आहेत. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. आपला तानाजी आजारी पडला तेव्हा मी माहेरी आले होते. उंबऱ्याजवळ केसांचा पुंजका सापडला, असाच लाल फडक्यात. मी शिकलेली ना, सातवी पास! हसले आणि केराबरोबर टाकून दिला. पंधराव्या दिवशी तानाजी गेला. डॉक्टर काविळीने गेला म्हणाले, काविळीने असेल. पण अकरा वर्षं झाली, मला तो पुंजका दिसतो. दोघे भाऊ होते, एक उरलास. आता मी हसणार नाही.

तर ऐक. उजेड आहे तोवर ते केस आणि ती बांबूची पट्टी वाहत्या पाण्यात सोड. तिकडे नदी नाही, पण दगडी पाटातून बागांना बारमाही पाणी जातं, फलज का काय, तूच लिहिलं होतंस. त्यात सोड. डाव्या हाताने सोड आणि मागे वळून बघू नकोस. त्या बाईला एक अक्षर विचारायचं नाही, विचारलं की ते चिकटतं. वाद्य जोडून दे आणि हात धुऊन मोकळा हो. ती बाई वाईट असेल असं मी म्हणत नाही. तिच्यावरही कुणी केलेलं असेल.

सोबत देवळातला अंगारा आहे. लावायला लाज वाटत असेल तर निदान खिशात ठेव.

माया आहे म्हणून बोलते, राग धरू नये.
तुझी,
मैनाताई


निझवा,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. काल चार वाजता फलजवर गेलो, डाव्या हाताने पुडकं सोडलं आणि मागे न बघता आलो. खरं सांगू, छातीवरचं ओझं उतरलं. अंगठाही सुकत आला. अंगारा खिशात आहे, हसू नकोस.

बांबूची पट्टी मात्र नाही टाकली. लाकडावर कुणी इतक्या निगुतीने कोरलेलं सुताराच्या हाताने टाकवत नाही. ती वर्कशॉपच्या मागे पत्र्याखाली खोचून ठेवली आहे. रागावणार असशील तर रागाव.

गितगित छान जोडलं. सरस लावून चीर बुजवली, मान बसवली आणि मासे धरायचा नायलॉन आणून तीन तारा माझ्या पदरच्या घातल्या. आवाज जरा कर्कश येतो, पण येतो. पुढच्या शुक्रवारी लिगाया न्यायला येईल, तिला आवडेलसं वाटतं.

गुडघ्यांना जप. लोभ ठेवतेसच, तसाच ठेव.
तुझा,
धनंजय


निझवा,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. आपल्या हातून फार वाईट झालं, ताई.

लिगाया परवा आली. आधी तिने मी जोडलेली मान बोटाने चाचपली आणि माझ्याकडे बघून हसली. मग नायलॉनची तार छेडली आणि तिचं हसू गेलं. वाद्य बाजूला ठेवून तिने पेटीतलं कापड उचललं, खाली हात घातला. कोपऱ्यांत चाचपलं. पेटी उलटी केली. मग माझ्याकडे बघितलं. मी दोन मिनिटं काही माहीत नसल्याचं सोंग केलं, हेही तुला लिहितो. मग नाही राहवलं. हाताने पाण्याची खूण केली.

गितगितच्या तारा केसांच्याच असतात, ताई. बाईच्या केसांच्या. खुंट्यांना अडकलेला तो काळा दोरा नव्हता.

ते वाद्य तिच्या वडिलांनी केलेलं. त्यावर कायम तिच्या आईचे केस. तारा तुटल्या की आई डोक्यावरून एक बट कापून द्यायची आणि वडील नव्या तारा वळायचे. बापये वाजवतात ते तिकडे, पण हिला भाऊ नाही म्हणून वडिलांनी हिला शिकवलं. वडील मागेच गेले. आई नोव्हेंबरमध्ये गेली. गाव रस्त्यापासून दिवसभराच्या चालीवर, हिला बातमी नऊ दिवसांनी कळली. तोवर सगळं उरकलं होतं. बहिणीने पुरायच्या आधी आईचे केस कापून ठेवले आणि मस्कतला येणाऱ्या एका बाईबरोबर पाठवले. हिने तेव्हापासून रडणं राखून ठेवलं होतं. गितगित दुरुस्त झालं की आईच्या केसांच्या तारा चढवायच्या, एकदा वाजवायचं, आणि मग रडायचं, असं तिने ठरवलं होतं.

ती ओरडली नाही. ढलप्यांच्या ढिगावर बसून राहिली आणि एकदाच म्हणाली, खलास. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पत्र्याखालची पट्टी काढून तिच्या हातात दिली. ती आईची शेवटची बोलणी, बहिणीने त्यांच्या लिपीत कोरलेली. अंबाहान म्हणतात, ओळीला सातच अक्षरं, आणि ते म्हणायचं गाऊन. तिने गाऊन नाही दाखवलं, अर्थ सांगितला. वाट लांबची आहे, मी मागे राहिले, माझ्यासाठी थांबू नकोस, पण काहीतरी वाजवत जा, म्हणजे तू कुठवर पोचलीस ते मला कळेल.

ती गेल्यावर मी फलजच्या काठाने खजुराच्या बागांपर्यंत चालत गेलो. आठ दिवसांनी काय मिळणार? पाणी अडवायच्या एका फळीशी लाल फडकं अडकलेलं होतं. रिकामं. ते आणलं नाही, तिला काय तोंडाने देणार होतो?

तुझं नाव मी घेतलेलं नाही. माझ्या मनात आलं आणि मी टाकलं, एवढंच सांगितलं.

तुझा,
धनंजय


राजापूर,
५ एप्रिल २०२५

चि. धनंजय यास,
अनेक आशीर्वाद.

हुसैनमियाँनी ईदला येताना तुझं २३ तारखेचं पत्र आणलं. आता ते परत निघालेत. या आठ दिवसांत मी पाच पत्रं लिहून फाडली.

पहिलं म्हणजे, माझं नाव का घेतलं नाहीस? मला कशाला झाकतोस? तिला सांग, राजापूरला एक बहिरी म्हातारी आहे, तिला भावाच्या जिवापुढे काही सुचलं नाही आणि तिने तुझी आई पाण्यात सोडायला लावली. असंच सांग. एक शब्द कमी करू नकोस. मीच तुला सांगितलं होतं, तिला विचारू नकोस म्हणून. एकदा विचारलं असतंस तर हे झालं नसतं. तोंड असून मी तुला मुकं केलं.

दुसरं. हुसैनमियाँच्या हाती एक डबा दिला आहे, त्यांना शपथ घालून. उघडलास की ओळखशील. आईचं गंगावन आहे.

तू लहान होतास, तुला आठवेल न आठवेल. आई विंचरताना गळलेला एकेक केस बोटाला गुंडाळून आरशामागच्या पिशवीत ठेवायची. किती वर्षं साठवून तिने त्याचं गंगावन करून घेतलं, माझ्या लग्नात ते घालून मिरवली आणि जाताना मला दिलं. एकतीस वर्षं माझ्या ट्रंकेत आहे. तिच्या माक्याच्या तेलाचा वास अजून येतो त्याला. आणि बघ, माझ्याच ट्रंकेत आईचे केस फडक्यात बांधलेले, आणि दुसरीच्या पेटीत ते दिसले तर मला करणी वाटली! त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

एक गोष्ट पूर्वालाही सांगितलेली नाही. कान गेले तेव्हा बाहेरचे आवाज गेले त्याचं काही नाही. पण हळूहळू आठवणीतले आवाजही गेले. आई मला मैने म्हणून हाक मारायची, ती कशी मारायची ते आता कितीही आठवलं तरी येत नाही. म्हणून मी ते गंगावन काढून नाकाशी धरते. वास आला की आई घरात असल्यासारखी वाटते.

ते तिला दे. त्याच्या तारा होतील का ते तिलाच माहीत. कापा, पिळा, धुवा, जे लागेल ते करा, मला विचारत बसू नका. आवाज कसा आला ते मात्र मला लिही. मोठं लिही.

तुझ्यावर राग नाही, माझ्यावरच आहे.
तुझी,
मैनाताई


निझवा,
१६ मे २०२५

ती. ताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

मोठं लिही म्हणालीस, तर मोठं लिहितो. हुसैनमियाँचा पुतण्या उस्मान बकरी ईदला घरी जाणार आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पेटी पाठवतो. पेटीचं मागाहून सांगतो.

डबा उघडला आणि मी वर्कशॉपचं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं मला वास आठवत नसेल. आठवला.

लिगायाला सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट, एक शब्द कमी न करता. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, तुझ्या बहिणीला काहीच ऐकू येत नाही का? मी नाही म्हटलं. गंगावन घ्यायला तयार नव्हती, ही तुमची आई आहे म्हणाली. मी म्हटलं, बहिणीने परत घेणार नाही म्हणून कळवलंय. तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

तीन शुक्रवार गेले, ताई. एकतीस वर्षांचे केस, ताणले की तुटायचे. दोन तारा वळून झाल्या आणि तुटल्या. शेवटी सगळं गंगावन उकललं आणि त्यातला एकेक दमदार केस निवडला. आणि तेल होतं ना त्यात, तेलावर गज सरकतो, धरत नाही. म्हणून सगळे केस रिठ्याच्या पाण्यात धुवावे लागले, एकदा नाही, तीनदा. मी पाणी ओतत होतो. तुला विचारावंसं फार वाटलं, पण तू विचारू नका म्हणाली होतीस. त्यांच्याकडे गजाला कुठल्याशा झाडाची राळ लावतात, ती इथे कुठली? तिने सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, लोबान आणला आणि तो गजाला आणि तारांना घासला.

आज दुपारी पत्र्याच्या सावलीत बसून तिने वाजवलं. आवाज मोठा नाही. शेजारच्या घरात जाणार नाही, एवढाच. आई चुलीपुढे बसून स्वतःशी काहीतरी गुणगुणायची, शब्द नसलेलं, आणि आपण गेलो की थांबायची. तसा आवाज. थोडा घोगरा. मी फळ्यांकडे तोंड करून उभा राहिलो. लिगायाने त्यावर तिच्या आईचं अंबाहान एकदा म्हटलं, सगळं. मला वाटलं आता रडेल, रडली म्हणजे सुटली. ती नाही रडली. मीच रडलो.

मग तिने वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाली की आवाज चांगला आहे, पण ही तुमची आई बोलते आहे. माझी नाही. माझी पाण्याबरोबर गेली. रागाने नाही म्हणाली, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं साधं म्हणाली. गितगित पेटीत ठेवलं, तुटलेले केसही वेचून फडक्यात बांधून आत ठेवले आणि पेटी माझ्याकडे सरकवली. तुमच्या आईला घरी पाठवा, म्हणाली. मी हातापाया पडलो, तुझ्या बापाच्या हातचं वाद्य आहे म्हटलं. पण बापाने ते हिच्या आईसाठी केलं होतं, आणि आता त्यावर दुसऱ्याची आई आहे, ते ती कसं ठेवणार?

तिने बांबूची पट्टी आणि माझ्या फळकुटाच्या दोन काठ्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना ती त्या वाजवते, इकडे ऐकू येतं. मी पटाशीच्या मुठीने फळीवर टकटक करतो. ती थांबते. मग पुन्हा चालू करते.

चुकलं असेल ते पोटात घाल.
तुझा,
धनंजय


राजापूर,
८ जून २०२५

चि. धनंजय यास,
मैनाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उस्मानने पेटी काल सुखरूप आणून दिली. गुणी मुलगा आहे, सगळ्या प्रवासात मांडीवर धरून बसला म्हणे.

पेटी उघडली आणि आधी नाक लावलं. लोबानाचा वास आला. तारांना लोबानाचा, फडक्यातल्या केसांनाही लोबानाचा. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. आईचा वास कुठेच नाही रे. तू मनाला लावून घेऊ नकोस, धुवा असं मीच लिहिलं होतं. पण तुला खोटं कशाला लिहू? मी पेटी मिटली आणि पोटभर रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

मग वाजवून बघितलं. गज ओढला तर पूर्वा स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. काहीतरी ऐकलं तिने. मला काही नाही. हनुवटीखाली धरून ओढलं तेव्हा दातांत झिणझिणलं, तेवढंच. कोणीतरी पलीकडून बोलतंय आणि कळत नाही, असं. आता रोज थोडं ओढते. पूर्वा म्हणते घर बेसूर झालंय, पण थांबव म्हणत नाही.

लिगायाला सांग, आता आपण दोघी सारख्या. तिच्याकडे आईची बोलणी आहेत आणि आवाज नाही. माझ्याकडे आवाज आहे आणि कान नाहीत. हिशोब मिटला असं सांगत नाही, तो मिटायचा नाही. नुसतं सांग. आणि तू ते टकटक करायचं सोडू नकोस. तिने कधी थांबवलं तर मला कळव.

तब्येत सांभाळ, आणि दिवाळीला ये. तुला बघायला डोळे अजून शाबूत आहेत.
तुझी,
मैनाताई

ता. क. आज सकाळी विंचरताना गळलेले केस फेकायला निघाले आणि दारातून परत आले. बोटाला गुंडाळून आरशामागे पिशवीत ठेवलेत. पांढरे आहेत, फार नाहीत. पूर्वाला कागदावर लिहून दिलंय, तुलाही लिहिते. मी गेल्यावर ते कुणाला सापडले तर पाण्यात सोडू नका. आधी विचारा, कोणाचे आहेत.